बाणावरचा शब्द

नर्सिंगचं पहिलं वर्ष मी पाठ करून पास झाले. त्याची मला लाज नाही, कारण दुसरा रस्ता कुणी दाखवलाच नव्हता. भूमला बारावीपर्यंत आर्ट्स केलेलं, सगळं मराठीत. धाराशिवला आल्यावर हातात पडलेलं शरीररचनेचं पुस्तक मात्र पहिल्या पानापासून शेवटपर्यंत इंग्रजी. वर्गातल्या बहुतेक पोरी माझ्यासारख्याच खेड्यांतून आलेल्या. आम्ही सगळ्यांनी एकच गाईड विकत घेतलं आणि हॉस्टेलच्या व्हरांड्यात येरझाऱ्या घालत ते घोकायला लागलो. ओळीचा पहिला शब्द आठवला की बाकीची ओळ आपोआप यायची. तिचा अर्थ काय, हे विचारायला कुणाला फुरसत नव्हती.

दुसऱ्या वर्षाच्या पहिल्याच चाचणीत ही रीत माझ्या अंगाशी आली. हृदय कमजोर झालेल्या पेशंटच्या पायांवर सूज का येते, असा प्रश्न होता. पहिला शब्द चुकीचा आठवला आणि मी किडनी निकामी झाल्यावर काय होतं त्याचं अख्खं पान लिहून आले. आमच्या मोठ्या मॅडमनी ते वर्गात मला उभं करून वाचून दाखवलं. ह्या मॅडम म्हणजे कॉलेजातल्या सगळ्यांत जुन्या शिक्षिका, आवाज कडक, साडीची घडी कधी न मोडलेली. त्या म्हणाल्या, पेशंट हृदयाचा आणि ह्या बाईनं इलाज किडनीचा केला. वर्ग हसला. मला हसण्याचं वाईट वाटलं नाही. वाईट ह्याचं वाटलं, की दोन्हींत फरक काय हे मला खरोखरच सांगता आलं नसतं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी पांढरा ड्रेस घालून वॉर्डात उभी राहणार होते.

त्याच महिन्यात कंत्राटावर एक नवीन मॅडम आल्या. वयानं आमच्यापेक्षा फार मोठ्या नव्हत्या, म्हणून आम्ही त्यांना छोट्या मॅडम म्हणायचो. पहिल्या तासाला त्यांनी फळ्यावर दोन चौकोन काढले. एकात लिहिलं ‘कमजोर हृदय’, दुसऱ्यात ‘पायांची सूज’. मधे एक बाण ओढला आणि विचारलं, ह्या बाणावर काय लिहायचं? एक जण म्हणाली, ‘बिकॉज’. मॅडम म्हणाल्या, ते काय उत्तर झालं? हे त्याला नेमकं काय करतं ते सांगा. पोरी गाईडची पानं चाळायला लागल्या. मग त्यांनी सहज म्हटलं, “मराठीत सांगितलं तरी चालेल.”

ते वाक्य मी वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलं. एवढ्या दिवसांत त्या इमारतीत कुणी मला असं म्हटलं नव्हतं.

त्यांनी शिकवलेल्या पद्धतीचं नाव संकल्पना नकाशा. मोठा कागद घ्यायचा. महत्त्वाच्या गोष्टी चौकोनांत लिहायच्या. चौकोन बाणांनी जोडायचे आणि प्रत्येक बाणावर एक शब्द लिहायचा, असा की चौकोन, बाण आणि पुढचा चौकोन मिळून एक खरं वाक्य वाचता आलं पाहिजे. बाणावरचा शब्द स्वतःचा पाहिजे. शब्द सुचत नसेल तर तेवढी जागा आपल्याला कळलेली नाही, असं समजून तिथंच थांबायचं.

मी आणि माझी खोलीतली सोबतीण लगेच कामाला लागलो. ती उमरग्याकडची, बापाचं भुसाराचं दुकान. घरात कन्नड, बाजारात मराठी, आणि इंग्रजीत माझ्याइतकीच हतबल. आम्ही जुन्या कॅलेंडरची पानं चिकटवून फरशीवर पसरली आणि त्याच सुजेपासून सुरुवात केली. हृदय रक्त कमी ढकलतं, इथपर्यंत ठीक. किडनीकडं रक्त कमी पोचतं, हेही ठीक. पण मग पुस्तकात लिहिलं होतं की किडनी मीठ आणि पाणी धरून ठेवते. अंगात आधीच पाणी जास्त झालेलं असताना किडनी आणखी पाणी कशाला धरील? त्या बाणावर आमची गाडी रुतली. छोट्या मॅडमना विचारलं तर त्यांनी उत्तर दिलं नाही. उलट आम्हालाच विचारलं, “किडनीला काय दिसतंय, ते बघा की.”

उत्तर हॉस्टेलनं दिलं. एका रविवारी नळाला पाणी येईना. आमच्याकडं उन्हाळा म्हटलं की टँकरची धास्ती असतेच, त्यामुळं टँकर आला नाही अशी हूल उठली. पोरींनी बादल्या, पातेली, डबे, मिळेल ते घेऊन खालच्या बोअरच्या हातपंपावर धाव घेतली आणि खोल्या भरून टाकल्या. पाय ठेवायला जागा उरली नाही. दुपारी कळलं की जमिनीतला हौद काठोकाठ भरलेलाच होता. मोटार जळली होती, म्हणून पाणी वर चढत नव्हतं एवढंच. सोबतीण बादल्यांच्या मधोमध उभी राहून हसायला लागली आणि एकदम वाकून तिनं आमचा नकाशा पुढ्यात ओढला. मग म्हणाली, “किडनीचं बी हेच झालंय गं. अंगात पाणी हाय, पर तिच्यापर्यंत येईना. तिला वाटतंय दुष्काळ पडला.” तिनं पेन उचललं आणि बाणावर लिहिलं, ‘मोस’. मोस म्हणजे त्यांच्या कन्नडात फसवणूक. किडनी फसते, म्हणून पाणी साठवते.

म्हणजे मी पेपरात किडनी लिहिली होती ती अगदीच परकी नव्हती. तिची जागा कुठं आहे, एवढं मला ठाऊक नव्हतं. ह्या एका बाणानं मला जो आनंद झाला, तो पहिल्या वर्षाच्या निकालानं झाला नव्हता.

आम्ही नकाशा खोलीच्या भिंतीवर लावला. मग दुसरा काढला, मग मधुमेहाचा, मग दम्याचा. पण पावसाळा सुरू व्हायच्या आतच छोट्या मॅडमचं कंत्राट संपलं. त्या आल्या तशाच गेल्या. विषय परत मोठ्या मॅडमकडं आला.

पुढच्या चाचणीत मी एका प्रश्नाचं उत्तर नकाशा काढून लिहिलं. चौकोनांत इंग्रजी शब्द, बाणांवर इंग्रजी मराठी जसं जमलं तसं. मला त्या प्रश्नाला शून्य मिळालं. मी पेपर घेऊन स्टाफरूममध्ये गेले आणि ह्यात चुकलेलं काय आहे, असं विचारलं. मॅडमनी कागद हातातसुद्धा घेतला नाही.

“चुकलेलं काही नाही,” त्या म्हणाल्या. “पण बोर्डाचा पेपर मी तपासत नाही. जी कोण तपासते तिला मुद्दे पाहिजेत, चित्रं नकोत. तू मराठी मीडियमची आहेस. मीही होते. मी पाठ करून पास झाले, म्हणून इथं खुर्चीवर बसलेय. तुला पास व्हायचंय का शहाणं व्हायचंय?”

“दोन्ही,” मी म्हटलं.

हे उत्तर उद्धट होतं, मला कबूल आहे. पण ते मी आजही बदलणार नाही.

मॅडमनी माझ्या घरी फोन लावला. आबांना, म्हणजे माझ्या वडलांना, खव्याच्या भट्टीवरचं काम टाकून यावं लागलं. भूमच्या एसटीतून ते उतरले तेव्हा हातात पेढ्यांचा पुडा होता, मॅडमसाठी. मॅडमनी तो टेबलावर तसाच राहू दिला. पोरगी हुशार आहे, पण वाकडी चालते, बाकीच्यांनाही नादी लावते, नापास झाली तर मला बोलू नका, असं त्यांनी सांगितलं. आबा हात जोडून उभे होते. बाहेर आल्यावर त्यांनी मला कडुनिंबाच्या सावलीला घेतलं. त्यांना नकाशा काय आणि चौकोन काय, त्यातलं काही समजून घ्यायचं नव्हतं.

“मॅडमची माफी माग. शिकविणाऱ्याच्या म्होरं जाऊ न्हाय.”

“माफी कशाची मागू, आबा? मला समजलं, त्याची?”

ते चिडले. गाडीत बसेपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत, आणि नंतर कितीतरी दिवस आईच फोनवर यायची. मला ते जड गेलं. आबांनी माझ्यासाठी भावकीत किती जणांची बोलणी खाल्ली होती ते मला माहीत होतं. मुलीला कशाला एवढं शिकवायचं, असं म्हणणारे आमच्या गल्लीत कमी नव्हते. तरी मी माफी मागितली नाही. हॉस्टेलच्या भिंतीवर काही चिकटवायचं नाही असा नियम निघाला, तेव्हा आम्ही नकाशे उतरवले आणि गादीखाली ठेवले.

सप्टेंबरात माझी ड्यूटी बायकांच्या मेडिकल वॉर्डात लागली. तिथं तेर गावची एक म्हातारी होती, हृदय कमजोर, दोन्ही पाय टरटरीत सुजलेले. डॉक्टरांनी मीठ बंद सांगितलेलं. ती मात्र उशीखाली लोणच्याची बाटली ठेवायची आणि सून समोर नसली की बोट बुडवून चाटायची. सिस्टर रोज ओरडायच्या. तिच्यावर काही परिणाम नव्हता. एकदा मी बीपी बघत असताना तिनंच मला विचारलं.

“सिस्टर, मिठाचा आन् पायाचा काय संबंध गं? मीठ तर त्वांडात जातंय. आमी जलमभर खाल्लं, तवा न्हाय पाय सुजले.”

वर्षभरापूर्वी मी म्हटलं असतं, डॉक्टरांनी सांगितलंय ना, मग. ह्या वेळी मी तिच्या शेजारी टेकले आणि औषधाचं रिकामं खोकं उलटं करून त्यावर काढून दाखवलं. हृदयाचं इंजिन थकलंय. पाणी उपसणाऱ्या किडनीला वाटतंय दुष्काळ आलाय, म्हणून ती पाणी धरून बसलीय. आणि मीठ जिथं जाईल तिथं पाण्याला ओढून नेतं, पावसाळ्यात मिठाची बरणी ओलसर होते तशी. साठलेलं पाणी खाली उतरतं, पायात. तिनं ऐकून घेतलं. सुनेला हाक मारून तिलाही ऐकायला लावलं. मग बाटली काढून सुनेच्या हातात दिली आणि म्हणाली, घरला ने, पर टाकू नको, पोरं खातील.

मोठ्या मॅडम राउंडला आल्या होत्या आणि दोन कॉट सोडून उभ्या होत्या. मला ते नंतर दिसलं. जाताना त्या एवढंच म्हणाल्या, “छान समजावलंस. पण ह्याला मार्क नाहीत.” मी म्हटलं, “माहिताय, मॅडम.” त्यांनी माझ्याकडं जरा जास्त वेळ बघितलं आणि पुढं गेल्या.

दिवाळीनंतर एक भलतंच प्रकरण झालं.

वर्गातल्या दोघीतिघींनी माझ्या सोबतिणीकडून नकाशे मागून नेले. तिनं दिले, मीही नको म्हटलं नाही. त्यांनी ते कॉलेजसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात टाकले. तिथल्या माणसानं एक प्रत ठेवून घेतली आणि जो येईल त्याला काढून द्यायला लागला. आठवड्याभरात आमचा सगळा वर्ग व्हरांड्यात येरझाऱ्या घालत आमचे नकाशे पाठ करत होता. चौकोन, बाण, चौकोन, बाण. आधी गाईड घोकत होत्या, आता आम्हाला घोकत होत्या. मी दोघीतिघींना सांगून बघितलं की हा कागद तुमच्या कामाचा नाही, स्वतः काढा. त्यांना वाटलं मला माझे कागद वाटायचे नाहीत. एक जण तोंडावर म्हणाली, एवढी कशाची मिजास?

पुढच्या चाचणीत परत हृदयाचा प्रश्न आला. पेपर तपासून झाल्यावर मोठ्या मॅडमनी मला आणि सोबतिणीला बोलावलं. टेबलावर आठदहा पेपर उघडे होते. एकेका ओळीवर लाल रेघ. मॅडमनी त्यांतली एक वाचली. इंग्रजी वाक्य होतं, त्याचा अर्थ असा : मोस झाल्यामुळं किडनी पाणी धरून ठेवते. दुसऱ्या पेपरात ‘ॲक्यूट मोस’ होता. एका पोरीनं तर मोसची लक्षणं लिहिली होती.

“मी तीन पुस्तकं शोधली,” मॅडम म्हणाल्या. “मोस हा आजार मला कुठं सापडला नाही. काय आहे हे?”

सोबतिणीनं मान खाली घालून सांगितलं, मोसपासून झेरॉक्सच्या दुकानापर्यंत. मॅडम खुर्चीत मागं टेकल्या. त्यांना हसू आलं होतं की राग, मला कळेना. मग त्या शांतपणे म्हणाल्या, “बघ तुझी पद्धत. गाईड पाठ केलं असतं तर निदान शब्द तरी खरे आले असते.”

मी तिथं गप्प बसले असते तर विषय संपला असता. सोबतीण माझ्या ओढणीचा पदर ओढत होती. पण मला राहवलं नाही.

“मॅडम, ही माझी पद्धत नाही, तुमची आहे. कागद फक्त माझा होता. ह्यातल्या एकीनंही मोस म्हणजे काय हे आम्हाला विचारलं नाही. तो शब्द सुचेपर्यंत आम्ही त्या बाणाशी तीन दिवस भांडलो होतो. त्यांनी तो एका संध्याकाळी पाठ केला.”

मॅडमनी लाल पेनाला टोपण लावलं. मला वाटलं, आता आबांना परत यावं लागणार. शेवटी त्यांनी पेपर गोळा केले आणि म्हणाल्या, “जा. आणि त्या दुकानातले कागद उचलून आण.”

आम्ही सरळ दुकानात गेलो. माणूस आधी द्यायला तयार नव्हता, त्याचं गिऱ्हाईक जात होतं. आम्ही दारातून हललो नाही, तेव्हा त्यानं गठ्ठा काढून दिला. तो आम्ही हॉस्टेलच्या मागं फाडून टाकला. वर्ग आमच्यावर चिडला. परीक्षा तोंडावर आलेली आणि ह्या दोघींनी नोट्स फाडल्या, असं झालं. जेवायला गेलं की आमच्या शेजारची जागा रिकामी राहायची. मी पोरींना सांगून ठेवलं, कोरा कागद घेऊन या, रोज जेवणानंतर आम्ही दोघी बसतो, पण तयार काही मिळणार नाही. सुरुवातीला कुणी आलं नाही. मग ज्युनिअर वर्गातल्या काही पोरी यायला लागल्या, बहुतेक गावाकडच्या, गाईडसुद्धा न परवडणाऱ्या. आमच्या वर्गातल्या शेवटपर्यंत फिरकल्या नाहीत.

बोर्डाचा पेपर मी मुद्द्यांतच लिहिला. मॅडमचं तेवढं मी ऐकलं, कारण ते खरं होतं. डोक्यातल्या नकाशावरून एकेक बाण उतरवून माझ्या मोडक्या इंग्रजीत वाक्यं केली. पास झाले. टक्के पहिल्या वर्षापेक्षा कमी पडले. गाईड घोकणाऱ्या कितीतरी जणी माझ्या पुढं गेल्या. आबांनी निकाल ऐकला आणि म्हणाले, ह्याच्यासाठी एवढं भांडलीस? मी म्हटलं, व्हय, ह्याच्यासाठीच. त्यांना ते पटलं नाही आणि मला त्यांना पटवायचं नव्हतं. कमी मार्कांची लाज कुणी मला वाटायला लावू शकलं नाही, अजूनही नाही. पुढं कोर्स पुरा झाला, आता मी जिल्ह्यातल्याच एका सरकारी दवाखान्यात स्टाफ नर्स आहे, आणि कधी शिकाऊ पोरी आल्या तर त्यांच्याशी ह्याच गोष्टीवरून वाद घालते.

पण त्या हॉस्टेलच्या शेवटच्या दिवसांतली एक दुपार सांगायची राहिली. येरमाळ्याकडची एक ज्युनिअर पोरगी होती, बोलायला अगदी बुजरी. तिनं सुजेचा नकाशा स्वतः काढून आणला होता. मी बघितला आणि म्हटलं, इथं चुकलंस. तिनं साठलेल्या पाण्यापासून बाण काढला होता, पण तो पायांकडं जात नव्हता. चौकोनात लिहिलं होतं, ‘जे अंग खाली असेल ते’. मी म्हटलं, पुस्तकात पाय आहे, पाय लिही.

“पाय न्हाय, ताई,” ती म्हणाली. “माझी आजी अंथरुणाला खिळून होती. तिची कंबर सुजली व्हती. पाय चांगले व्हते.”

मी पुस्तक उघडलं. सोबतिणीनं दुसरं उघडलं. ज्युनिअर पोरगी तशीच बसून राहिली, मान वर करून. बऱ्याच वेळानं आम्हाला ती ओळ सापडली, बारीक अक्षरात, धड्याच्या शेवटी. झोपून असलेल्या पेशंटची सूज आधी कमरेपाशी बघायची. आम्ही दोघींनी तो धडा किती वेळा वाचला होता, कुणास ठाऊक.

मी गादीखालून आमचा जुना नकाशा काढला, पायांच्या चौकोनावर काट मारली आणि पेन तिच्या हातात दिलं. तिनं तिच्या अक्षरात तिचे शब्द लिहिले.